पाखडणारे डोळे: लढाऊ विमानांच्या रडारांनी शिकवलेले आठ धडे

हवाई दलात रडार फिटर म्हणून मी २२ वर्षं काढली. फ्लाइट लाइनवर विमानाचं नाक उघडून आतल्या अँटेनाशी बोलण्यात तारुण्य गेलं, असं म्हटलं तरी चालेल. २०२० च्या जुलैत राफेल विमानं अंबाल्याला उतरली, त्या दिवशी भाच्याचा फोन आला, "मामा, आजवरचं सगळ्यात भारी रडार कोणतं?" मी म्हटलं, "घरी ये, निवांत बोलू." तो आला आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. त्या गप्पांतून जे हाती लागलं, ते इथे क्रमाने मांडतो.

१. पल्ल्याचा आकडा ऐकला की विचारा, "कोणाला पाहण्याचा?"

अमुक रडार १५० किलोमीटरवरून पाहतं, असं कोणी सांगितलं तर ते वाक्य अर्धं आहे. समोर अवजड बॉम्बफेकी विमान आहे की छोटं लढाऊ, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. रडारची लहर जाताना पसरते आणि परतताना पुन्हा पसरते. त्यामुळे बाकी सगळं तेच ठेवून पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती १६ पट लागते. उलट बाजूने पाहा. लक्ष्याचं रडारवरचं रूप दहा हजार पटींनी बारीक केलं, तर तेच रडार त्याला आधीच्या एक दशांश अंतरावरच पाहू शकतं. स्टेल्थ विमानाचं सगळं गणित या चौथ्या मुळात आहे. दोन रडारं शेजारी ठेवताना लक्ष्य तेच आहे ना, हे आधी बघावं.

२. शत्रू सापडतो, जमीन विसरता येत नाही

माझ्या मते लढाऊ रडारचा सगळा इतिहास या एका अडचणीचा आहे. १९४० मध्ये ब्रिटिशांनी ब्यूफायटर विमानात एआय मार्क ४ हे रडार बसवलं. लहरीची लांबी दीड मीटर, त्यामुळे झोत रुंद, चहूकडे पसरणारा. विमान ५ किलोमीटर उंचीवर असलं की ५ किलोमीटरच्या पुढचं सगळं जमिनीच्या प्रतिध्वनीत बुडून जायचं. उंची हाच पल्ला! तरी जॉन कनिंगहॅम हा वैमानिक आणि त्याचा रडार ऑपरेटर जिमी रॉन्सली यांनी त्यावर रात्री जर्मन विमानं पाडली. रडारचं गुपित राहावं म्हणून, वैमानिक गाजर खातात म्हणून त्यांना अंधारात दिसतं, अशी हूल तेव्हा उठवली गेली.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला आणि लहर सेंटिमीटरांवर आली. झोत बारीक झाला, नाकात मावणारी थाळी शक्य झाली. पण खाली वाकून बघितलं की जमीन होतीच. त्यावरचा खरा इलाज पल्स-डॉप्लर तंत्राने केला. न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. तसंच हलत्या विमानावरून परतलेल्या लहरीचा सूर जमिनीवरून परतलेल्या लहरीपेक्षा वेगळा असतो. साठच्या दशकात एफ-४जे फँटममधल्या एडब्ल्यूजी-१० रडारने तो फरक ओळखून खाली उडणारं विमान वेगळं काढायला सुरुवात केली.

आई सुपात तांदूळ पाखडायची, तेव्हा कोंडा उडून जायचा आणि दाणा सुपातच राहायचा. डॉप्लर समजावून घेताना मला नेहमी तेच सूप आठवायचं. सुपातून कधीकधी दाणाही उडून जातो, तेही खरं. शत्रूने आपल्याला काटकोनात वळण घेतलं की त्याचा सूर जमिनीच्या सुरात मिसळतो आणि रडार त्यालाही कोंडा समजून टाकून देतं. जाणते वैमानिक हा डाव आवर्जून खेळतात.

३. नुसत्या ताकदीने भागत नाही

६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्टर बेलेन्को हा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी विमान उघडलं, तेव्हा आत निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारं, सुमारे ६०० किलोवॅट शिखरशक्तीचं स्मेर्च रडार निघालं. अनेकांनी त्याला मागासलेलं म्हटलं. मला ते पटत नाही. उंचावरून वेगाने येणाऱ्या विमानाला गाठायचं, जमिनीवरच्या नियंत्रकाने वाट दाखवायची आणि रडार बधिर करायला शत्रूने लहरींचा गोंगाट केला तर तो भेदून पुढे बघायचं, एवढ्याच कामासाठी ते घडवलं होतं. त्या कामाला ती ताकद योग्य होती. पण बॉम्बफेकी विमानं जमिनीलगत उडू लागली आणि ते ६०० किलोवॅट जमिनीवरच आदळून परत येऊ लागले. पाखडता न येणारं सूप कितीही मोठं असलं तरी काय उपयोग?

४. नाकाचा आकार आणि नेमून दिलेलं काम बघा

नाशिकजवळच्या ओझरला जोडलेल्या मिग-२१ एफएलमधलं आर२एल रडार हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या मधल्या शंकूत बसायचं. तिथे जागाच इतकी थोडी की अँटेना लहानच ठेवावी लागे, आणि लहान अँटेनाचा पल्लाही लहान. त्याला दोष देताना त्या शंकूत हात घालून बघावा.

अमेरिकेच्या एफ-१४ चं नाक प्रशस्त होतं. त्यातलं एडब्ल्यूजी-९ रडार २४ लक्ष्यांचा माग ठेवायचं आणि ६ लक्ष्यांवर एकदम क्षेपणास्त्रं सोडायचं. नोव्हेंबर १९७३ च्या चाचणीत एका विमानाने खरोखरच ६ फीनिक्स क्षेपणास्त्रं सोडली, त्यांतली ४ लागली. विमानवाहू जहाजावर झुंडीने येणारी विमानं दूरच अडवायची, हे त्याचं काम. सोव्हिएत मिग-३१ मधलं झास्लोन रडार १० लक्ष्यांचा माग ठेवून ४ लक्ष्यांवर मारा करायचं. आकडा कमी दिसतो, पण लढाऊ विमानातलं ते पहिलं फेज्ड अ‍ॅरे रडार होतं. १९८१ पासून सेवेत. अँटेना जागेवर स्थिर, झोत मात्र विजेच्या वेगाने फिरणारा. उत्तरेच्या बर्फाळ सीमेवरून खालून येणारी क्रूझ क्षेपणास्त्रं पकडण्यासाठी ते घडवलं होतं. समुद्राचा पहारेकरी आणि टुंड्राचा पहारेकरी यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

५. रडार रडोमपासून सुरू होतं

हा धडा मला पुस्तकात सापडला नाही. एका तळावर पावसाळ्यात एका विमानाचा वैमानिक प्रत्येक सॉर्टीनंतर, म्हणजे उड्डाणानंतर, एकच स्नॅग (तक्रार) लिहायचा, "पल्ला कमी." आम्ही ट्रान्समीटर बदलला, रिसीव्हर बदलला. बेंचवर दोन्ही उत्तम चालत होते. तिसऱ्या दिवशी मी वैतागून, वैमानिकाचाच काहीतरी गैरसमज असेल, असं बोलून गेलो.

आमचे वॉरंट ऑफिसर कोकणातले, फार कमी बोलणारे. त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि विमानाच्या नाकावरच्या टोपीवर, म्हणजे रडोमवर, बोटभर अंतराने वाजवत निघाले. टण, टण, टण. डाव्या बाजूला खाली एकदम आवाज बसला, बद. "इथे थर सुटलाय," ते म्हणाले, "आत पाणी आहे. लहर जाताना मार खाते, येतानाही खाते. अरे, वैमानिक लिहितो ते आधी खरं धर."

रडोम उतरवला, तर हाताच्या पंज्याएवढ्या जागेत थर सुटलेला होता आणि आत ओल होती. रडोम बदलला आणि पल्ला पूर्ववत झाला. तेव्हापासून कोणत्याही रडारची वाखाणणी ऐकली की मला त्यावरची टोपी आणि तिची निगा ठेवणारे हात आठवतात.

६. जो बोलतो तो ऐकूही जातो

रडार लावणं म्हणजे अंधारात बॅटरी पेटवणं. आपल्याला परतलेला क्षीण झोत शोधावा लागतो. शत्रूला तो थेट डोळ्यावर येताना दिसतो, म्हणून त्याला आपण आधी कळतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांच्या शेपटीत मोनिका नावाचं इशारा देणारं रडार होतं. जुलै १९४४ मध्ये वाट चुकलेलं एक जर्मन युंकर्स-८८ विमान इंग्लंडमधल्या वुडब्रिजला उतरलं आणि त्यात फ्लेन्सबुर्ग हे उपकरण सापडलं. ते मोनिकाच्याच लहरींचा माग काढत जायचं. रक्षणासाठी बसवलेलं यंत्रच शत्रूला घरापर्यंत आणत होतं! ब्रिटिशांनी ते काढून टाकलं. कधी गप्प बसायचं, हे ज्या रडारला आणि वैमानिकाला कळतं, तेच पुढे जातात.

७. एका काळजावर विसंबू नये

माझ्या काळातल्या रडारात एक ट्रान्समीटर असायचा. तो बसला की विमान आंधळं. आजच्या एसा (सक्रिय फेज्ड अ‍ॅरे) रडारात अँटेनावर शेकडो, काही वेळा हजाराहून अधिक छोटे मोड्यूल असतात. प्रत्येक जण स्वतः लहर सोडतो आणि ऐकतो. पाच-दहा निकामी झाले तरी बाकीचे गाडा ओढतात. अँटेना हलवणारी मोटर नाही, झिजणारे सांधे नाहीत. जपानच्या एफ-२ मधून २००० साली असं रडार सेवेत आलं, पुढे एफ-२२ मध्ये एपीजी-७७ आलं आणि आपल्या राफेलमधलं आरबीई२ त्याच घराण्यातलं.

लोहगावला २००२ मध्ये दाखल झालेल्या सुखोई-३० एमकेआयचं बार्स रडार या दोन पिढ्यांमधला दुवा. त्यात झोत विजेने फिरतो, शिवाय अँटेनाही वळते, म्हणून बाजूचाही बराच टापू दिसतो. बंगळुरूच्या एलआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत घडलेलं उत्तम हे आपलं एसा रडार. परदेशी पेटी उघडताना "याच्या आत हात घालू नका" ही सूचना मी अनेकदा वाचली आहे. म्हणून आपल्या माणसांनी आतल्या प्रत्येक तारेसकट ओळखलेलं रडार, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

८. शेवटचं पाखडणं माणसाचं

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सी हॅरियरच्या नाकात ब्लू फॉक्स हे साधं पल्स रडार होतं. खाली बघण्यात ते कमजोर. तरीही हवाई झुंजीत एकही सी हॅरियर पडलं नाही. जहाजांवरचे नियंत्रक, चांगली क्षेपणास्त्रं आणि वैमानिकांचे स्वतःचे डोळे यांनी उणीव भरून काढली. गोव्यात दाबोळीला २०१६ पर्यंत असलेली आपल्या नौदलाची सी हॅरियर आली तीही ब्लू फॉक्स घेऊनच.

भाच्याने शेवटी हट्टच धरला, एक नाव सांगाच. मी काळाप्रमाणे सांगितलं. सत्तरच्या दशकात एडब्ल्यूजी-९, ऐंशीच्या दशकात झास्लोन आणि त्यानंतर एपीजी-७७. या प्रत्येकाने, आधीच्याला जमत नव्हतं असं काहीतरी गाळून दाखवलं. पुढच्या वेळी तुलनेचा तक्ता हाती आला, तर चार प्रश्न विचार, असंही सांगितलं. लक्ष्य किती मोठं? ते जमिनीलगत होतं की उंचावर? समोरून गोंगाट होता की शांतता? आणि ते रडार पावसाळ्यात, तिसऱ्या सॉर्टीनंतरही तसंच चालतं का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच तक्त्यात नसतं. ते फ्लाइट लाइनवर भिजत उभ्या असलेल्या फिटरला विचारावं लागतं.