‘त्यो किती वाजेपर्यंत पोचंल?’

तासगाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेला माणूस नाही अशी भावकी शोधून सापडायची नाही. सोनं-चांदी आटवायला कुणी कोलकात्याला, कुणी हैदराबादला, कुणी कोइमतूरला. त्यामुळे गावात मयत झाली की पहिला प्रश्न हाच: त्यो किती वाजेपर्यंत पोचंल?

आमचे चुलते गेले तेव्हा त्यांचा थोरला कोलकात्यात होता. पहाटे फोन केला. अंगणातल्या एका पोरानं मोबाइलवर बघून सांगितलं, कोलकाता ते हैदराबाद सव्वादोन तास, तिथून कोल्हापूर सव्वा तास. “म्हणजे दुपारपर्यंत दादा येतोयच.” त्या शब्दावर सगळे पैपाहुणे थांबले. तिकडं पहिलं विमानच उशिरा सुटलं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली. हैदराबादला बॅग घेऊन बाहेर येईतो पुढच्या विमानाचा काउंटर बंद झाला होता. मग पुण्याचं विमान, पुढं भाड्याची गाडी. दिवस मावळला तसा धाकट्यानं अग्नी दिला. थोरला रात्री पोचला. बापाचं तोंड दिसलं नाही. त्या पोराची यात काही चूक नव्हती. आकडे खरेच होते, पण ते फक्त विमानाचे होते.

दोन विमानतळांमधलं जे अंतर दाखवतात ती पृथ्वीच्या गोलाईवरची सगळ्यात जवळची रेघ असते. हैदराबाद-कोल्हापूर ती साडेचारशे किलोमीटरच्या आसपास भरते. पंख्याचं एटीआर विमान ताशी पाचशेच्या बेतानं जातं, म्हणजे हिशेबानं तासाच्या आतच यायला हवं. तरी वेळापत्रकात जास्त वेळ असतो, कारण धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्या वेगळ्याच. शिवाय सरळ रेघ मोकळी असेलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला. अंतर तेच, तास वाढले. परदेशातला मुलगा उतरण्याची वेळ सांगतो तेव्हा ती कुठल्या घड्याळाची, तेही विचारून घ्या.

आपल्याकडं खरा वेळ जमिनीवर जातो. सांगलीच्या वाटेवर कवलापूरची जुनी धावपट्टी आहे, पण आज गाठावी लागते ती कोल्हापूर विमानतळाची उजळाईवाडीच. तासगावपासून रस्त्यानं दोन तास धरा. देशातल्या विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून त्याच्याही आधी पोचायला हवं. २०२४ मध्ये कोल्हापूरला नवं टर्मिनल झालं, ते चांगलंच झालं. पण विमानं मोजकीच आहेत. एक चुकलं तर दुसरं त्याच दिवशी मिळेल असा भरवसा धरू नका. पुण्याला उतरायचं ठरलं तर लोहगावपासून घरापर्यंत पाच तास सहज जातात.

विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिल्या विमानाच्या उशिरामुळं दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळ्या तिकिटांवर ती कुणावरच नसते. तशीच वेळ आली तर मध्ये तीन तास सोडा आणि हातातल्या पिशवीपलीकडं सामान घेऊ नका.

गावाकडच्यांनीही एक करावं. दुसऱ्या विमानात बसल्याचा फोन येईपर्यंत अंगणात वेळ जाहीर करू नये. शीतपेटी सांगलीहून लगेच मागवावी, म्हणजे थांबणाऱ्यांवर घाईचं दडपण येत नाही. आणि घरातलं वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलं असेल, तर ‘बघू दोन दिवसांनी’ म्हणत बाहेरच्या पोरांना ताटकळत ठेवू नका. डॉक्टरांनी इशारा दिला त्याच दिवशी कळवा आणि तिकीट काढायला लावा. माणूस बोलता असताना पोरगं उशाशी येऊन बसलं, तर भाड्याचे चार पैसे जास्त गेले याचं कुणालाच वाईट वाटत नाही.