बाळागोळी आणि खोकल्याची बाटली

मादक द्रव्यांचें नांव निघतांच आपल्या डोळ्यांपुढें एखादी अंधारी गल्ली व तींत उभा असलेला कोणी दुर्जन येतो. परंतु अफूचा इतिहास पाहिला असतां हें विष पुष्कळदां घरच्याच दारानें, औषधाच्या रूपानें आंत आलेलें दिसतें.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारों स्त्रिया राबत. तान्हें मूल शेजारणीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या स्वाधीन करून आईला भोंग्याबरोबर निघावें लागे. मूल रडूं नये म्हणून कित्येक माता त्याला ‘बाळागोळी’ नांवाची अफूची गोळी देत. १९३१ सालच्या कामगार आयोगाच्या अहवालांतही या प्रथेची नोंद आहे. मूल निजे खरें. पण तें दूध मागेनासें होई, सुकत जाई, आणि मात्रा थोडी अधिक झाली तर उठतच नसे. त्या मातांस दोष देण्यास आमची जीभ उचलत नाहीं. मजुरी बुडाली तर चूल पेटत नसे.

अफू म्हणजे खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली असतां पाझरणारा चीक. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सेर्टुर्नर या जर्मन औषधविक्रेत्यानें त्यांतून मॉर्फिन वेगळें काढलें. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर डॉक्टर आजही तें देतात व तें योग्यच आहे. पुढें १८९८ मध्यें मॉर्फिनपासून बनविलेलें हेरॉइन बाजारांत आलें तें चक्क खोकल्याचें औषध म्हणून!

आपलें शरीर स्वतःही वेदना शमविणारीं अशीं द्रव्यें अल्प प्रमाणांत निर्माण करतें. बाहेरून तीं वारंवार मिळूं लागलीं म्हणजे मेंदू त्यांना सरावतो. काल एका चमच्यानें जें झालें त्याला आज दोन लागतात. न मिळाल्यास नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें, अंग ठणकतें, जुलाब होतात, झोप उडते. मग मनुष्य सुखासाठीं नव्हे, तर केवळ हा त्रास टळावा म्हणून घेत राहतो. शिवाय मेंदूंतील श्वसनाचें केंद्र अफूनें मंदावतें, आणि मृत्यु बहुधा याच वाटेनें येतो. कांहीं आठवडे सोडून पुन्हां पूर्वीचीच मात्रा घेणारा तर विशेष धोक्यांत असतो, कारण सराव तोंवर ओसरलेला असतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक हुशार मुलगा दुपारीं पेंगूं लागला. दप्तरांत कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाची बाटली सांपडली. खोकला महिन्यापूर्वींच बरा झाला होता. कोडीन हेंही त्याच चिकांतलें. वडिलांना बोलावलें तेव्हां ते म्हणाले, “औषधच तर आहे ना, मास्तर?” आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. त्या गिरणीकामगार मातांनींही हेंच म्हटलें असतें.

मुलाला मारहाण झाली नाहीं, ही त्या गृहस्थांची थोरवी. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं उपचार झाले आणि मुलगा पुढच्या वर्षीं परीक्षेस बसला.

पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: हांक मारूनही मूल जागें होत नसेल, श्वास फार सावकाश चालत असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या झाल्या असतील, तर रागावत बसूं नये, लाजूं नये, तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली बरोबर न्यावी. अफूचा परिणाम उलटविणारें नॅलोक्सोन नांवाचें औषध आहे. मात्र तें वेळेवर मिळावें लागतें.