टर्बो गेला, पण का गेला?

पेपरात टर्बोचार्जरवर टीप आली की आपलं उत्तर ठरलेलं असतं. वाया जाणाऱ्या एक्झॉस्ट वायूवर टर्बाईन फिरते, ती कॉम्प्रेसर फिरवते आणि इंजिनाला जास्त हवा मिळते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. पण टर्बो फेल का होतो, हे मला सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये गॅरेजातच कळलं.

आधी थोडं गणित. लहान डिझेल कारचा टर्बो मिनिटाला दीड लाख फेरे घेऊ शकतो, म्हणजे सेकंदाला २५००. चाकाचा व्यास ४५ मिमी धरला तर पात्यांच्या टोकाचा वेग येतो सुमारे ३५३ मीटर प्रति सेकंद. हवेत ध्वनीचा वेग साधारण ३४०! शिवाय एका बाजूला ७००-८०० अंशांचा वायू. अशा शाफ्टला बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंग नसतं. तो तेलाच्या काही मायक्रॉन थरावर तरंगतो. तेल थांबलं की काही सेकंदांत खेळ खलास.

आमच्याकडे एक टॅक्सी आली. पिकअप नाही, सायलेन्सरमधून निळा धूर. दोनच महिन्यांपूर्वी दुसरीकडे नवा टर्बो बसवलेला, त्याचे हप्ते अजून चालू. मालक म्हणाले, "पार्टच डुप्लिकेट निघाला." मिस्त्रींनी टर्बो खोलून शाफ्ट माझ्या हातात दिला. बेअरिंगच्या जागी तो निळा पडला होता. "हा उपाशी मेलाय," ते म्हणाले. ऑइल पाईप काढला तर पोकळ बोल्टचं भोक कार्बनने जवळजवळ बुजलेलं. जुना पाईप तसाच ठेवून नवा टर्बो लावला होता. पाईपची किंमत टर्बोपुढे काहीच नव्हती, पण भुर्दंड पडला तो रोज गाडीवर पोट असलेल्या माणसाला.

निकामी टर्बो स्वतःच कारण सांगतो:

• शाफ्ट निळा पडला : तेल पोचलं नाही.
• बेअरिंगवर गोल चरे : तेलात कचरा, फिल्टर वेळेवर बदलला नाही.
• कॉम्प्रेसरची पाती वाकली : हवेबरोबर काहीतरी आत गेलं. धार झिजली असेल तर धूळ. एअर फिल्टर बघा.
• आत कार्बनचा थर : घाट चढून आल्या आल्या चावी बंद. तेल थांबतं, उष्णता राहते, तेल जळतं.
• शाफ्टला प्ले नाही, तरी ऑइल गळतं : ड्रेन पाईप किंवा ब्रीदर चोंदला असेल. इथे टर्बो बदलायची गरजच नसेल.

बदलताना ऑइल, फिल्टर आणि फीड पाईप नवे घ्या. ड्रेन पाईप, ब्रीदर साफ करा. इंटरकूलरमधलं तेल आणि तुकडे काढा. तेल राहिलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी काढूनही बंद होत नाही. ऑइलच्या जोडावर सिलिकॉन पेस्ट लावू नका, तिचे तुकडे सुटून भोक बुजतं. टर्बोत स्वच्छ तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवा. इंजिन सुरू न होऊ देता, ऑइल प्रेशर येईपर्यंत थोडा वेळ स्टार्टर मारा. मग काही मिनिटं आयडलिंग. लगेच रेस नको.

आता व्हायवात कोणी विचारलं, "टर्बो फेल झाला तर काय कराल?" तर नुसतं "बदलू" म्हणू नका. "आधी का गेला ते शोधू, मग बदलू," असं सांगा.