बाशिंग वाळलं नव्हतं

चिपळूणला मावशीच्या अंगणात पावसाने आंब्याची फांदी मोडली होती. तिच्यावर बाशिंग नावाच्या नेच्याचा हा भलामोठा झुबका. मी तो पिशवीत घालून आमच्या केळीच्या मुलखात, सावद्याला आणला. मावशी ‘जरा थांब, विचारून घे’ म्हणत होती, पण मीच गुडघ्याला बाशिंग बांधलेलं! ऑगस्टमध्ये आणलेलं रोप एप्रिलमध्ये मेलं.

केळीला मानवते ती काळी माती सगळ्यांना मानवते, हा आमचा हिशेब. शेणखत घालून कुंडी भरली आणि त्याचं लवेने झाकलेलं जाड खोड दोन इंच पुरलं. हा नेचा झाडाच्या सालीवर, उघड्या हवेत वाढणारा. खोड मातीत गेलं की गुदमरून कुजतं.

दुसरी चूक कात्रीची. बाशिंगाला पानं दोन तऱ्हेची. लांब, कातरलेली, हिरवी. त्यांच्या मागचे तपकिरी ठिपके म्हणजे कीड नव्हे, बीजाणू. फवारणी करू नका. आणि बुडाशी आखूड, बिनदेठाची, कागदासारखी तपकिरी पानं. त्यांच्या द्रोणात पाचोळा साचतो, कुजतो, तेच त्याचं जेवण. मी ती वाळली समजून कापली.

उन्हाळा लागताच हिरवी पानंही गळाली. ती त्याची झोप होती. मी घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत राहिले.

दुसऱ्या खेपेला कुंडीच नको म्हटलं. परसातल्या आंब्याच्या खोडाला नारळाची सोडणं लावली आणि जुन्या सुती साडीच्या पट्टीने रोप बांधलं; खोड उघडं, मुळं सोडणांवर. शेजारचे काका म्हणाले, “वहिनी, हे तं बांडगूय! आंब्याले खाते.” बांडगूळ झाडाचा रस पितं, बाशिंग नुसतं टेकतं. काकांना अजून पटलेलं नाही.

इथे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. केळीला शेवरीचा आडोसा करतो ना, तसं पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधा. पावसाळ्यात सोडणं सुकत आली की भिजवा. पानं गळाल्यावर आठवड्यातून एकदा ओल पुरे. खोड दाबून पाहा: टणक असलं तर जिवंत आहे. केळीच्या साली मात्र द्रोणात घालू नका. आमच्याकडे त्यांना तोटा नाही, म्हणून घातल्या. मुंग्यांची वारूळं हटवता हटवता दमले.

तुकडा हवा असेल तर जूनमध्ये, दोन पाऊस पडल्यावर या. उन्हाळ्यात मी कापत नाही.