मोटारसायकलची केबल घेताना साल व माप यांची पडताळणी

संकलन केंद्रावर दूध पोचवावयाचे असो वा बाजारात भाजी न्यावयाची असो, अनेक शेतकऱ्यांची भिस्त आज मोटारसायकलवर असते. क्लच, ब्रेक किंवा ॲक्सिलेटरची केबल तुटली की त्याच नावाच्या गाडीची म्हणून मिळेल ती केबल बसविण्यात येते. परंतु गाडीचे नाव तेच राहिले तरी तिची रचना काळानुसार बदलते. चुकीच्या केबलमुळे क्लचच्या प्लेटा जळतात. ब्रेक वा ॲक्सिलेटरच्या बाबतीत तर जिवावर बेतू शकते.

साल का पाहावे?

स्प्लेंडर हे नाव १९९४ पासून चालत आले आहे. मात्र दरम्यान दोन मोठे बदल झाले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था किंवा एबीएस आवश्यक झाले. त्यासाठी ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांत पायाचा ब्रेक वेगळ्या केबलने पुढच्या ब्रेकशी जोडलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषण नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंधन इंजेक्शन आले व ॲक्सिलेटरची केबल जेथे अडकते तो भागच बदलला. यास्तव नोंदणी प्रमाणपत्रावरील उत्पादनाचा महिना व साल दुकानदारास सांगून त्यानुसार भाग क्रमांक जुळवावा.

माप कसे घ्यावे?

जुनी व नवी केबल शेजारी ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात.

१. बाहेरच्या कव्हरची लांबी.

२. कव्हर एका टोकाकडे सरकविल्यावर दुसऱ्या टोकास उघडी राहणारी तार.

३. दोन्ही टोकांच्या निपलांचा आकार व जाडी.

यांपैकी दुसरे माप सर्वांत महत्त्वाचे होय. समजा, जुन्या केबलचे कव्हर १०० सेंटिमीटर व तार ११२ सेंटिमीटर आहे. म्हणजे उघडी तार १२ सेंटिमीटर. नव्या केबलची उघडी तार ११ सेंटिमीटर भरल्यास क्लच सतत थोडा ओढलेला राहून घसरेल. ती १३ सेंटिमीटर भरल्यास लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच सुटणार नाही. ॲडजस्टरने थोडाच फरक भरून काढता येतो. जुनी तार वापराने किंचित ताणलेली असते, हेही ध्यानात घ्यावे. निपल कानशीने घासून बसविणे धोक्याचे आहे.

बसविल्यानंतरची परीक्षा

केबल जुन्याच मार्गाने न्यावी; तिला तीव्र बाक देऊ नये व तापणाऱ्या सायलेन्सरपासून ती दूर ठेवावी. क्लच व ब्रेकच्या लिव्हरला मालकपुस्तिकेत दिलेली मोकळी चाल ठेवावी. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवावे. इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलेटरची केबल ओढली जात आहे असे समजावे व गाडी रस्त्यावर नेऊ नये. मूठ सोडताच ती आपोआप मागे आली पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी. प्रत्येकाने आपल्या गाडीचे उत्पादन साल व केबलचे भाग क्रमांक वहीत टिपून ठेवावेत आणि क्लचची एक योग्य केबल घरी बाळगावी. म्हणजे ऐन घाईच्या वेळी दुसऱ्याच सालच्या केबलवर विसंबण्याचा प्रसंग येणार नाही.