खारभूमीच्या बांधाला कांदळवनाची ढाल

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांलगत असलेली खारभूमी मागील पिढ्यांनी बांध घालून आणि उघाड्या बसवून समुद्राकडून मिळविलेली आहे. या जमिनीतील भातपीक पूर्णपणे बांधावर अवलंबून असते. उधाणाची भरती आणि सोसाट्याचा वारा एकाच वेळी आला की बांधाला खांड पडते व खारे पाणी शेतात शिरते. त्या हंगामाचे पीक तर जातेच, शिवाय जमिनीत उतरलेले मीठ धुऊन निघण्यास पुढील काही पावसाळे जावे लागतात.

हा धोका आता वाढत आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सें.मी.ने वाढली. २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग दरवर्षी ३.७ मि.मी. इतका होता. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे प्रमाण व तीव्रताही वाढल्याचे दिसून येते. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले. अशा परिस्थितीत बांधाची उंची वाढविण्याबरोबरच बांधाबाहेर कांदळवनाचा पट्टा राखणे व जेथे तो विरळ झाला आहे तेथे गावाने एकत्र येऊन लागवड करणे फायद्याचे ठरते.

कांदळवन काय करते आणि काय करीत नाही

कांदळवनाच्या मुळांच्या व खोडांच्या जाळीतून जाताना लाटेचा जोर मोडतो. १०० मीटर रुंदीच्या पट्ट्यातून जाताना लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते, असे निरनिराळ्या देशांतील मोजमापांवरून दिसून आले आहे. म्हणजे बांधाला बसणारा रोजचा मार कमी होतो. मुळांमध्ये गाळ साचून बांधाबाहेरची जमीन हळूहळू उंचावते, हा दुसरा फायदा.

परंतु वादळाबरोबर चढणारे पाणी ही वेगळी बाब आहे. कांदळवनामुळे या पाण्याची पातळी दर किलोमीटर रुंदीमागे ५ ते ५० सें.मी. एवढीच उतरते. त्यामुळे अरुंद पट्ट्याने वादळाचा पूर अडेल अशी अपेक्षा ठेवू नये. कांदळवन बांधाची जागा घेत नाही, ते बांधाचे आयुष्य वाढविते.

ओडिशा व बांगलादेशातील अनुभव

ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास करण्यात आला. ज्या गावांच्या व समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा शिल्लक होता, तेथे मनुष्यहानी कमी झाल्याचे आढळले.

बांगलादेशात १९६० च्या दशकापासून किनाऱ्यावरील नव्या गाळजमिनींवर केवरा या झाडाची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. मात्र झाडे वाढली तरी शेजारच्या भूमिहीन कुटुंबांच्या हाती काही पडत नसल्याने तोड होत राहिली. म्हणून पुढे ‘वन, मासे व फळे’ ही पद्धत तेथे सुरू करण्यात आली. कांदळवनाच्या मागील जमिनीत चर खोदून त्याची माती शेजारी उंच वरंब्यावर टाकतात. पावसाने वरंब्यावरील मीठ धुऊन जाते. चरात मासे व वरंब्यावर भाजीपाला आणि फळझाडे घेतली जातात. ज्या कुटुंबांना उत्पन्न मिळते ती पुढचे वन राखतात. लागवडीबरोबरच राखणाऱ्याच्या पोटाचा विचार झाला पाहिजे, हाच यातील धडा आहे.

जागेची निवड

लागवड अयशस्वी होण्याचे मुख्य कारण चुकीची जागा हे आहे. कांदळवन समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर, उधाणाच्या भरतीच्या रेषेपर्यंतच वाढते. ओहोटीलाही बराच वेळ पाण्याखाली राहणाऱ्या सखल चिखलात लावलेली रोपे गुदमरून मरतात. फिलिपाईन्समध्ये अशा जागी केलेली बरीच लागवड वाया गेली आहे. जेथे कांदळाची रोपे आपोआप उगवलेली दिसतात, त्या पातळीवरच लागवड करावी. पूर्वी वन असून आता उजाड झालेल्या जागी आधी भरतीचे पाणी का पोहोचत नाही ते पाहावे. भराव किंवा बुजलेली नाळ मोकळी झाल्यास पुष्कळदा बी आपोआप येऊन रुजते.

कोणती झाडे लावावीत

१. खाडीच्या तोंडाकडील व समुद्राकडील बाजूस : पांढरी चिपी व तिवर. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

२. खाडीच्या काठाने, मऊ चिखलात : कांदळ.

३. गोड्या पाण्याचा अंश असलेल्या आतील भागात : कांजळा व मारांडी.

४. उधाणाच्या रेषेजवळ : हुरा व भेंडी.

५. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर कांदळवन येत नाही. तेथे मर्यादवेल, केवडा, उंडी व करंज लावावीत.

एकाच जातीची सलग लागवड टाळावी. प्रत्यक्ष बांधावर मोठी झाडे लावू नयेत. वाऱ्याने झाड उन्मळल्यास तेथेच खांड पडते. बांधावर गवत राखणे चांगले.

लागवडीची पद्धत

कांदळाच्या लांब शेंगा पावसाळ्यात पक्व होतात. फळ व शेंग यांच्या जोडावर पिवळसर कडे दिसू लागले की शेंग तयार झाली असे समजावे. टोकदार बाजू खाली व कोंब वर ठेवून शेंगेचा सुमारे एकतृतीयांश भाग चिखलात रोवावा. दोन रोपांत १ ते २ मीटर अंतर ठेवावे.

तिवराचे बी पाण्यात भिजवून वरची साल सुटल्यावर खाडीच्या चिखलाने भरलेल्या पिशव्यांत लावावे. रोपवाटिका भरतीचे पाणी येऊन जाईल अशा जागी करावी. रोपे लावण्याचे काम भांगाच्या दिवसांत ओहोटीच्या वेळी करावे, म्हणजे उधाण येण्यापूर्वी रोपे स्थिर होतात. खताची आवश्यकता नाही. पहिली तीन वर्षे गुरे, शेवाळ, प्लॅस्टिक व जाळ्यांचे तुकडे यांपासून रोपे जपावीत आणि मेलेल्या रोपांच्या जागी नांगे भरावेत.

गावाने करावयाची कामे

लागवडीपूर्वी ग्रामसभेत विषय घ्यावा. शेतकऱ्यांइतकेच मासेमारी करणाऱ्यांना व खाडीत कालवे, शिंपल्या, खेकडे गोळा करणाऱ्या महिलांना बोलवावे. होड्यांची वाट, जाळी लावण्याच्या जागा व उघाडीसमोरची नाळ मोकळी सोडून मगच आखणी करावी. रोपवाटिकेचे काम महिला बचत गटाकडे द्यावे व राखणीच्या पाळ्या ठरवाव्यात. शासनाच्या कांदळवन कक्षाची स्थापना २०१२ मध्ये झाली आहे. २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्मिती योजनेतून खेकडापालन, कालवपालन यांसारख्या व्यवसायांना साह्य देण्यात आले आहे. लागवडीसाठी प्रथम या कक्षाशी संपर्क साधावा.

कायद्याची बाब नीट समजून घ्यावी

मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी त्यावरील कांदळवन तोडता येत नाही. भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामास बंदी आहे. सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड करावयाची झाल्यास न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून बांधाच्या आतील शेतात कांदळ लावू नये. बाहेरील पट्टाही बांधाच्या पायथ्यापासून थोडे अंतर सोडून धरावा, म्हणजे दुरुस्तीला अडचण येणार नाही.

रायगड जिल्ह्यात फुटलेल्या बांधांची वेळेवर दुरुस्ती न झाल्याने पिकत्या खारभूमीत कांदळवन उगवले व ती शेती कायमची हातची गेली, अशी उदाहरणे आहेत. खांड पडताच तिची नोंद तलाठी व खारभूमी विभागाकडे लेखी करावी आणि पुढील उधाणापूर्वी ती बुजवावी.

बांधाच्या आत

पाणी शिरलेल्या जमिनीत पहिल्या पावसाचे पाणी साठवून, ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून देऊन मीठ धुवावे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारखे क्षार सहन करणारे भाताचे वाण घ्यावेत. चर व वरंब्याची पद्धत प्रथम एखाद्या गुंठ्यात करून पाहावी. अलिबाग-पेण भागात खारभूमीतील तळ्यांत जिताडा पाळण्याची रीत जुनीच आहे.

बांध फुटला तर त्यामागील प्रत्येकाचे शेत बुडते, मग त्याने लागवडीत भाग घेतलेला असो वा नसो. त्यासाठी बांध, उघाडी व कांदळवन या तिन्हींची पाहणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सर्व खातेदारांनी एकत्र मिळून करावी.