रक्ताची वाट आणि शरीराची राखण

पाठाचे प्रयोजन : मानवी शरीराचा पाठ शिकविताना फळ्यावर हृदयाची आकृती काढून कप्प्यांची नावे पाठ करून घेतली जातात. ती बहुधा परीक्षेपुरतीच टिकतात. बांदा परिसरातील शाळांना हा पाठ एवढ्यावर सोडता येणार नाही. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि २०१७ मध्ये बांद्याच्या पंचक्रोशीत शिरला. काजूच्या बागांत राबणाऱ्या अनेक कुटुंबांना त्याची झळ लागली. जिल्ह्यात काही माणसे दगावली. हा ताप शरीरात काय करतो, हे कळण्यासाठी रक्ताची वाट प्रथम कळली पाहिजे.

पूर्वानुभव : मुलांना मनगटावरची नाडी शोधू द्यावी व एक मिनिट ठोके मोजू द्यावेत. मग मैदानाला एक फेरी धावून पुन्हा मोजावयास सांगावे. दोन्ही आकडे वहीत लिहून घ्यावेत. ठोके का वाढले, या प्रश्नातूनच पाठाला आरंभ होतो.

विषयविवेचन : हृदय सुमारे मुठीएवढे असते. त्याची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे धाडते. तेथे प्राणवायू घेऊन आलेले रक्त डावी बाजू सर्व शरीरात लोटते. प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटास सुमारे ७२ ठोके देते व तेवढ्यात सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. रोहिण्या रक्त नेतात, नीला परत आणतात आणि केसाहून बारीक केशवाहिन्या दोहोंना जोडतात.

पुढील भागासाठी पोफळीच्या बागेचे उदाहरण घ्यावे. पाटाचे पाणी झाडाच्या बुंध्याशी मुरते. उरलेले चरातून व्हाळाला मिळते. केशवाहिन्यांतूनही पातळ द्रव पाझरून पेशींना पोसतो. त्यातील उरलेला भाग लसीका होऊन वेगळ्या वाहिन्यांतून पुन्हा रक्तात जातो. या वाहिन्यांवर ठिकठिकाणी लसीका ग्रंथी असतात. त्या चौक्याच होत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे मुलांनी पाहिलेले असते. तेथे पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजत असतात.

राखणीचे दोन प्रकार सांगावेत. काही पांढऱ्या पेशी समोर येईल त्या जंतूस गिळतात. दुसऱ्या पेशी विशिष्ट शत्रू ओळखून त्याच्यापुरती प्रतिपिंडे घडवितात. त्यांना ओळख लक्षात राहते. परंतु पहिल्या भेटीत पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडाभर वा अधिक अवधी लागतो.

माकडतापाचा धोका याच अवधीत आहे. बाधित गोचीड चावली की विषाणू त्वचेतून आत जातो व साधारणतः ३ ते ८ दिवसांत थंडी वाजून ताप, डोकेदुखी आणि तीव्र अंगदुखी सुरू होते. पांढऱ्या पेशी व रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या रक्तपट्टिका घटतात. काहींच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. यावर खास औषध नाही. पूर्वीची लस अपुरी ठरल्यामुळे आता वापरात नाही. मात्र वेळेवर रुग्णालयात नेल्यास द्रव देऊन व रक्तस्राव सांभाळून बहुतेक रुग्ण बरे होतात. शरीराला हवे असलेले दिवस मिळवून देणे, हाच उपचार.

आचरण : डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे पातेरा गोळा करण्याच्या व काजूच्या हंगामात, विशेष दक्षता हवी. बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत व आरोग्य केंद्राने दिलेले प्रतिबंधक तेल लावावे. घरी येताच साबणाने स्नान करावे, कपडे गरम पाण्यात धुवावेत. गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने सरळ ओढून काढावी. मेलेल्या माकडास हात न लावता आरोग्य केंद्रास वा वनखात्यास कळवावे. हा रोग रुग्णाच्या स्पर्शाने पसरत नाही. म्हणून आजारातून उठलेल्या मुलास वर्गात कोणी दूर बसवू नये.

हंगामात तापाने गैरहजर राहिलेल्या मुलाची चौकशी शिक्षकांनी त्याच दिवशी करावी. ताप अंगावर काढण्यात गेलेला दिवस शरीराच्या राखणीतून वजा होतो.

स्वाध्याय :
१. धावल्यावर नाडीचे ठोके का वाढतात?
२. जांघेत अवधाण का येते?
३. बागेतील चर आणि लसीकावाहिनी यांत साम्य कोणते?
४. बागेतून आल्यावर घरातील प्रत्येकाने काय करावे, ते घरी सांगून दुसऱ्या दिवशी वर्गात लिहा.